गाडी विकायची आहे? आधी तिचे फोटो नीट काढा

राहुरी : उसाचं बिल खात्यावर आलं, कांद्याचे दोन पैसे झाले, की घरोघरी जुनी गाडी काढून दुसरी घ्यायचा विषय निघतो. पूर्वी गाडी विकायची म्हणजे गॅरेजवाल्याच्या कानावर घालायचं, नाहीतर एजंटाला सांगायचं. आता आधी मोबाईलवर फोटो जातात. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, फेसबुकवर, जुन्या गाड्यांच्या ॲपवर. घेणारा नेवाशाचा असो की पाथर्डीचा, तो गाडी पहिल्यांदा फोटोतच बघतो.

आणि तिथंच गडबड होते. रात्री शेडमध्ये फ्लॅश मारून काढलेला फोटो, मागे वाळत घातलेले कपडे, पुढचा बंपर कापलेला, एक चाक फोटोच्या बाहेर. गाडी चांगली असते, पण फोटो बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी लपवलंय. खरा गिऱ्हाईक मग फोनच करत नाही. फोन येतो तो एजंटाचा आणि तो निम्म्यातून सुरुवात करतो. उलटंही होतं. फोटोत गाडी नवी कोरी दिसते, माणूस पन्नास किलोमीटरवरून येतो, दरवाजाचा पोचा बघतो आणि चहा न घेता परत जातो. त्याचं डिझेल जातं आणि आपला दिवस जातो.

म्हणून फोटो असा हवा की गाडी आहे तशी, पण नीट दिसली पाहिजे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. दहा-बारा हजारांचा फोन, एक कोरडं फडकं आणि सकाळचा तास-दीड तास एवढ्यात काम होतं.

आधी गाडी धुवा, मग पुसा

गाडी धुऊन लगेच फोटो काढू नका. पत्र्यावर पाण्याचे थेंब असले की चरे झाकले जातात आणि घेणाऱ्याला शंका येते. धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. काचा आतून-बाहेरून पुसा. चाकांच्या मागे, मडगार्डच्या आत साचलेला चिखल काढा. टायरला तेल चोपडून काळं कुळकुळीत करायची गरज नाही, जाणकार माणूस त्यालाच आधी विचारतो की टायर कितीला आलेत.

आतलं सामान बाहेर काढा. खताची रिकामी पोती, पाण्याच्या बाटल्या, सीटवरचा टॉवेल, डॅशबोर्डवरच्या पावत्या, शेवाळलेला हार, पुढची लिंबू-मिरची. पायपुसण्या झटका. घेणाऱ्याला ती गाडी आपली म्हणून बघता आली पाहिजे, आणि तुमचा पसारा दिसला की ते जमत नाही.

इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू नका. वायरिंगमध्ये पाणी गेलं तर विकायच्या आधीच खर्च निघेल. कोरड्या ब्रशने धूळ झाडली, ओल्या फडक्याने वरवर पुसलं की पुरे.

मोबाईलची तयारी

सगळ्यात आधी कॅमेऱ्याची काच पुसा. खिशात फोन ठेवून ठेवून तिच्यावर घामाचा आणि तेलाचा थर बसलेला असतो. फोटो धुरकट येण्याचं निम्मं कारण हेच असतं. सदऱ्याच्या सुती टोकाने पुसलं तरी फरक दिसतो.

फ्लॅश बंद ठेवा. फिल्टर आणि ब्युटी बंद ठेवा. त्याने गाडीचा रंग बदलतो, आणि फोटोत एक रंग, समोर दुसरा असं झालं तर घेणारा गाडी रंगवलेली आहे का ते विचारणारच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेघा दिसतात, त्यांच्या आधाराने जमीन तिरकी येत नाही. फोन आडवा धरा. गाडी आडवी असते, उभ्या फोटोत निम्मी जागा आभाळ आणि फुफाट्यालाच जाते.

बऱ्याच फोनमध्ये ०.६ किंवा ०.५ असा जास्त रुंद दिसणारा कॅमेरा असतो. त्याने जवळून सगळी गाडी बसते खरी, पण नाक फुगतं आणि मागचा भाग आखडतो. स्विफ्टसारखी गाडीसुद्धा बेडकासारखी दिसते. तो वापरू नका. मागे सरका. गाडीच्या दोन लांबी एवढं, म्हणजे साधारण पंचवीस फूट मागे जा आणि २ वर झूम करा. असं केल्याने गाडीचा घाट डोळ्याला दिसतो तसा येतो. फोन साधा असेल आणि झूम केल्यावर फोटो फाटत असेल, तर पाच-सहा पावलं पुढे या आणि १ वरच काढा.

वेळ कोणती?

दुपारी बारा ते तीन सोडून द्या. मे महिन्याच्या मध्याला आपल्या भागात शून्य सावली दिवस येतो, तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. उन्हाळ्यातली सगळी दुपार थोडीफार तशीच असते. टप आणि बोनेट पांढरे फटफटीत येतात, दरवाजे आणि चाकं काळी पडतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्याला एवढा फरक एकदम पेलत नाही.

सूर्य उगवल्यावर पहिला तास-दीड तास किंवा मावळायच्या आधीचा तास चांगला. ऊन तिरकं असतं, दरवाजांवर पडतं, रंग खरा दिसतो. सूर्य आपल्या पाठीशी किंवा थोडा बाजूला ठेवा. समोर सूर्य घेतला की गाडीची नुसती काळी आकृती येते. मात्र या वेळी आपली सावली लांब पडते, ती बोनेटवर चढत असेल तर दोन पावलं बाजूला व्हा.

गाडीभोवती प्रदक्षिणा घालून फोटो काढले की एक बाजू उजेडात आणि दुसरी अंधारात येते. म्हणून स्वतः फिरण्यापेक्षा गाडी फिरवा. एका बाजूचे फोटो झाले की गाडी वळवून लावा आणि पुन्हा त्याच जागेवर उभे राहून दुसऱ्या बाजूचे काढा. सगळे फोटो एका उजेडात येतात.

ढगाळ दिवस वाईट नाही. उलट ढगाळ उजेड सगळीकडे सारखा पसरतो. काळ्या, गडद निळ्या गाड्यांना तो उन्हापेक्षा बरा.

जागा कोणती?

घराच्या अंगणात सहसा जागा कमी पडते आणि मागे गोठा, टाकी, कपड्यांची दोरी येते. मोकळी, सपाट जागा शोधा. सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदान, मंगल कार्यालयाच्या पुढचं पटांगण, उसाच्या फडाकडेचा रुंद गाडीरस्ता. मागे एकच एक काहीतरी असावं. हिरवा ऊस असेल तर ऊसच, भिंत असेल तर भिंतच. गाडी त्याला चिकटवून लावू नका, दहा-पंधरा फूट पुढे घ्या. टपातून विजेचा खांब किंवा झाड उगवल्यासारखं दिसत नाही ना, तेवढं बघा.

नगर-मनमाडसारख्या वाहत्या रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून फोटो काढायला उभे राहू नका. फोटोग्राफर मागे मागे सरकत असतो आणि त्याचं लक्ष स्क्रीनवर असतं. कालव्याच्या भरावावरही तेच. मागे सरकणार ती जागा आधी चालून बघा.

कुठून काढायचे?

उभ्याने डोळ्याच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत टप जास्त आणि गाडी कमी दिसते. गुडघा टेकवा किंवा वाका. फोन हेडलाइटच्या नाहीतर बोनेटच्या उंचीला आला पाहिजे. बोलेरो किंवा पिकअपसारख्या उंच गाडीला कमरेएवढी उंची बरोबर बसते.

जाहिरातीत पहिला फोटो पुढच्या कोपऱ्यातून काढलेला हवा, ज्यात पुढचं तोंड आणि एक पूर्ण बाजू दोन्ही येतात. त्यासाठी स्टिअरिंग आपण उभे आहोत त्याच्या विरुद्ध बाजूला थोडं फिरवा. मग पुढच्या चाकाची डिस्क दिसते, नुसता टायरचा रबर दिसत नाही. चारी बाजूंना थोडी थोडी जागा सोडा. चाकं आणि त्यांच्याखालची जमीन कापू नका.

बाकीचे फोटो या क्रमाने काढले की काही राहत नाही :

१. पुढचा डावा कोपरा
२. समोरून सरळ
३. पुढचा उजवा कोपरा
४. दोन्ही बाजू, सरळ आडव्या
५. मागचे दोन्ही कोपरे आणि मागून सरळ
६. बोनेट उघडून इंजिन
७. डिकी, पिकअप असेल तर हौदा आणि फाळका
८. चारी टायर आणि स्टेपनी
९. पुढच्या सीट, मागच्या सीट, डॅशबोर्ड
१०. मीटर
११. जिथं जिथं लागलंय, घासलंय, गंजलंय, ते सगळं

पिकअप घेणारा माणूस तोंडापेक्षा हौदा आणि पाटे जास्त बघतो. हौद्याचा तळ झाडून त्याचा फोटो द्या. खाली वाकून पाट्यांचाही एक द्या. ट्रॅक्टर विकायचा असेल तर चालू तासांचा मीटर, मागचे मोठे टायर, पीटीओ आणि हायड्रॉलिकची बाजू सोडू नका.

पांढरी गाडी, काळी गाडी

पांढऱ्या गाडीला उन्हात हमखास होणारा घोळ म्हणजे ती इतकी पांढरी येते की दरवाजाच्या रेघाही दिसत नाहीत. स्क्रीनवर गाडीच्या पत्र्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते थोडं खाली ओढा. पत्र्याच्या कडा आणि रेघा दिसायला लागल्या की थांबा.

काळी गाडी आरशासारखी असते. दारात तुमचीच आकृती, शेजारचा ट्रॅक्टर, सगळं उमटतं. शटर दाबण्याआधी गाडीच्या अंगात काय दिसतंय ते बघा. एक पाऊल इकडे-तिकडे झालं की प्रतिबिंब सरकतं. पुढच्या काचेवर आभाळ चमकत असेल आणि घरात कोणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल, तर त्याची काच कॅमेऱ्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका ठिकाणी चमक कमी होते, तिथंच फोटो घ्या.

आतले फोटो

आतले फोटो उन्हात काढू नका. गाडी सावलीत घ्या आणि फोटो काढणार त्याच्या समोरचे दरवाजे बंद ठेवा, नाहीतर बाहेरचा उजेड आत घुसून सीट काळ्या पडतात. डॅशबोर्डचा फोटो मागच्या सीटच्या मध्यभागी बसून चांगला येतो. पुढच्या सीटचा फोटो बाहेर उभं राहून, उघड्या दारातून. सीट फाटली असेल तर तिच्यावर कव्हर टाकून काढू नका.

मीटरचा फोटो इंजिन चालू करून काढा. किलोमीटरचा आकडा स्पष्ट यावा आणि इंजिन, ऑइल, बॅटरीचे दिवे विझलेले दिसावेत. जाणकार घेणारा हेच बघतो. फोन किंचित तिरका धरला की काचेवर तुमचा चेहरा उमटत नाही.

डाग लपवू नका

गाडीला जिथं लागलंय त्याचे दोन दोन फोटो काढा. एक लांबून, म्हणजे पोचा गाडीत नेमका कुठं आहे ते कळेल. दुसरा जवळून, शेजारी रुपयाचं नाणं धरून, म्हणजे तो केवढा आहे ते कळेल. नाणं नसलं की लहान चरासुद्धा मोठा भासतो आणि मोठा पोचा कधी कधी दिसतच नाही.

टायरचाही असाच फोटो घ्या. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला आहे. हा आकडा आणि खाचांची खोली दिसेल असा फोटो दिला की टायरवरून होणारी निम्मी घासाघीस फोनवरच मिटते.

आपणच दोष दाखवले तर भाव पडेल असं अनेकांना वाटतं. पण तो दोष घेणारा आल्यावर बघणारच आहे. आधी माहीत असून जो आला, तो त्याचा हिशेब मनात करूनच आलेला असतो. येऊन ज्याला अचानक कळतं, तो बाकी सगळ्या गाडीवरच संशय घेतो आणि एका पोच्यापायी सगळ्याचे पैसे पाडायला बघतो.

नंबर, कागद आणि लोकेशन

चांगले फोटो चोरांनाही आवडतात. दुसऱ्याच्या गाडीचे फोटो उचलून, "लष्करात आहे, बदली झालीय, गाडी स्वस्तात देतो" अशा खोट्या जाहिराती टाकून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार ठिकठिकाणी झालेत. त्यासाठी त्यांना फोटोबरोबर आरसी बुकाचा फोटो मिळाला की काम सोपं होतं.

म्हणून आरसी, विमा, आधार कार्ड, चेसी नंबरची पट्टी यांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. नंबर प्लेटही जाहिरातीत झाका. झाकताना मोबाईलमधल्या पुसट मार्करने रेघ मारू नका, उजेड वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. पूर्ण भरीव काळा चौकोन टाका. फोटोच्या कोपऱ्यात तालुक्याचं नाव आणि महिना लिहा, म्हणजे तो दुसऱ्याला सहज वापरता येत नाही. खरा गिऱ्हाईक फोनवर बोलला, यायचं ठरलं, की त्याला नंबर सांगा. कागद तो आल्यावर हातात दाखवा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेली गाडी असेल आणि नवी एचएसआरपी पाटी बसवली असेल, तर तसं जाहिरातीत लिहा. पाटी नसेल तर नाव बदलण्याचं काम अडू शकतं.

फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा. ते चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद राहते आणि मूळ फाइल ज्याच्याकडे गेली त्याला गाडी कोणत्या वस्तीवर उभी असते ते नकाशावर दिसतं.

घरबसल्या सौदा ठरवून, "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.

पाठवताना

व्हॉट्सअॅप साधा फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करतं. मग घेणारा झूम करतो आणि त्याला चरा दिसायच्या ऐवजी चौकोन दिसतात. फोटो निवडल्यावर वर एचडी असं बटण असतं, ते दाबून पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, पण मग लोकेशनची नोंदही तशीच जाते, हे लक्षात ठेवा.

चाळीस फोटो टाकू नका. पंधरा-वीस पुरे. पहिला पुढच्या कोपऱ्याचा, मग बाहेरचे, मग आतले, मग डागांचे. खाली साध्या शब्दांत साल, किलोमीटर, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, कुठं बघायला मिळेल, एवढं लिहा.

गाडी देताना शेवटचे फोटो

सौदा झाला, पैसे मिळाले, की सगळे कॅमेरा खिशात घालतात. खरं तर विकणाऱ्यासाठी सगळ्यात कामाचे फोटो याच वेळी काढायचे असतात. मीटरवरचे किलोमीटर, गाडीजवळ उभा असलेला घेणारा, त्याचं ओळखपत्र आणि दोघांच्या सह्यांची गाडी दिल्या-घेतल्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर तारखेबरोबर वेळही लिहा. घेणाऱ्याला विचारून काढा, यात त्यालाही तोटा नाही. हे फोटो कुठेही टाकायचे नसतात, आपल्याजवळ ठेवायचे असतात.

याचं कारण कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि नाव बदलासाठी फॉर्म ३० लागतो. नुसत्या सह्या करून फॉर्म घेणाऱ्याच्या हातात दिले आणि त्याने सहा महिने नाव बदललंच नाही, तर कागदावर मालक जुनाच राहतो. गाडीने अपघात केला तर नोटीस त्याच्याच दारात येते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट केलं की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक धरला जाईल, गाडी मधल्या काळात कितीही हात फिरली असली तरी.

फोटोने ही जबाबदारी टळत नाही. पण गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या ताब्यात दिली हे सांगायला तोंडी साक्षीपेक्षा तो बरा. म्हणून एमएच १६ असो की एमएच १७, नव्या मालकाचं नाव आरसीवर चढलेलं स्वतः बघेपर्यंत ते शेवटचे फोटो मोबाईलमधून पुसू नका. घरातल्या दुसऱ्या एखाद्या फोनवरही ते पाठवून ठेवा.